आठ दिवसांत फरक

पायांवर सूज, सकाळी उठल्यावर जड झालेल्या पापण्या आणि लघवीला साबणासारखा फेस अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की मूत्रपिंडाचे डॉक्टर मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्या यांची चौकशी करतात. अलीकडे त्या चौकशीत एका प्रश्नाची भर पडली आहे : तोंडाला काय लावता? पनवेलकरांनी हा प्रश्न परका समजू नये. पनवेल महापालिकेच्या हद्दीतल्या खारघरमध्ये, मेडिकव्हर रुग्णालयात, एक २४ वर्षांची तरुणी आणि एक ५६ वर्षांचे गृहस्थ अशाच विकाराने उपचारांसाठी आले होते आणि दोघांच्याही तपासाचा धागा रंग उजळवणाऱ्या क्रीमपर्यंत जाऊन पोहोचला. त्याआधी, २०२२ मध्ये, अकोल्याची बायोटेक्नॉलॉजी शिकणारी एक विद्यार्थिनी, तिची आई आणि थोरली बहीण अशा तिघीही मूत्रपिंडाच्या दाहाने आजारी पडल्या होत्या. मुलीने ओळखीच्या ब्युटिशियनकडून क्रीम आणलं, चेहरा उजळला, लोक कौतुक करू लागले, म्हणून घरातल्या दोघींनीही तेच लावायला सुरुवात केली. परळच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात मोठ्या प्रमाणावर पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये छापला. त्यातल्या १५ जणांच्या मूत्रपिंडात ‘नेल-१’ नावाचं प्रथिन सापडलं आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. बहुतेकांच्या बाबतीत क्रीम थांबवल्यावर आजार ओसरला, एवढाच काय तो दिलासा.

वाचक म्हणेल, ही गोरेपणाच्या हव्यासाची गोष्ट झाली; वय दिसू नये म्हणून एखादं सीरम लावणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या त्वचेच्या रंगातच आहे. गोऱ्या युरोपीय कातडीवर वय आधी सुरकुत्यांच्या रूपाने दिसतं. गव्हाळ, सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग लवकर येतात. गालांवर वांग, कपाळावर आणि ओठांच्या कडेला काळवंडलेपण, डोळ्यांखाली सावली, एकूणच रंगाचा असमतोल. पस्तिशी-चाळिशीतल्या मराठी स्त्रीला आरशात वय दिसतं ते आधी असं. मग ती दुकानात किंवा पार्लरमध्ये जाऊन वयासाठी काहीतरी मागते आणि हातात पडते ती उजळपणाची डबी. पुरुषांचंही तेच, फक्त ते मागताना आवाज खाली आणतात. म्हणजे आपल्याकडे वयाचा बाजार आणि गोरेपणाचा बाजार हे दोन बाजार नाहीतच. एकाच फळीवर दोन लेबलं आहेत, आणि दोन्हींवरचं वचन एकच : आठ दिवसांत फरक.

माझं म्हणणं या वचनापुरतंच आहे. वयाच्या खुणांवर ज्यांचा उपयोग शास्त्रीय चाचण्यांत सिद्ध झाला आहे, असे घटक मोजके आहेत, आणि त्यांतला एकही आठ दिवसांत फरक दाखवत नाही. त्यामुळे आठ-दहा दिवसांत चेहरा लक्षात येण्याइतका उजळला, नितळ झाला, तर ती औषध लागू पडल्याची खूण मानू नये; डबीत लिहिलेलं नाही असं काहीतरी आहे, असा संशय आधी घ्यावा. परिणामकारक काय आणि सुरक्षित काय हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं समजून आपण चालतो. आपल्या त्वचेपुरतं तरी त्यांचं उत्तर एकच निघतं : हळू.

हे मत नुसत्या सावधगिरीतून आलेलं नाही, त्वचेच्या स्वतःच्या वेळापत्रकातून आलेलं आहे. त्वचेच्या वरच्या थरातली पेशी तळाशी जन्मते, वर सरकत येते आणि कोंड्यासारखी झडून जाते. तरुणपणी या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात आणि वय वाढेल तसा तो लांबत जातो. म्हणजे तळाच्या पेशींवर आज झालेल्या बदलाचा पृष्ठभागावर पत्ता लागायलाच महिना जातो. त्याखालच्या थरातलं कोलॅजन तर त्याहून फार सावकाश बदलतं. त्वचेतल्या कोलॅजनचं निम्मं आयुष्य सुमारे १५ वर्षं असल्याचं २०००च्या सुमारास झालेल्या मोजणीत दिसलं होतं. सुरकुती ही कोलॅजनची तूट असते. इतक्या धिम्या गतीने चालणाऱ्या कारखान्यात आठवड्याभरात नवा माल तयार होत नाही. मग आठवड्यात चेहरा बदलतो तो कशाने? दोन गोष्टींनी. एक पारा. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला काम करायला तांबं लागतं. पारा ते काम बंद पाडतो, आणि तसं करता करता कातडीतून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. त्याची वाफ होते, तो टॉवेल-उशीला लागतो, म्हणून क्रीम न लावणारी घरची मंडळी, लहान मुलंही त्याच्या तावडीत सापडू शकतात. दुसरी गोष्ट स्टेरॉइड. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे लाली जाते आणि कातडी फिकी दिसते. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या दोघांनी मलमातल्या स्टेरॉइडची ताकद मोजायची एक पद्धत सुचवली, ती नेमकी याच फिकेपणावर बेतलेली आहे : कातडी जितकी पांढरी पडेल तितकं औषध जहाल. पार्लरमध्ये ज्याला ‘ग्लो’ म्हणून दाद मिळते, ते प्रयोगशाळेत औषधाच्या तीव्रतेचं माप असतं!

स्टेरॉइडच्या बाबतीतली शोकांतिका अशी की वय लपवायला लावलेलं हे मलम वय वाढवतं. काही आठवडे-महिने लावलं की त्वचा पातळ होते, कोलॅजन घटतं, बारीक लाल शिरा वर दिसू लागतात, मुरूम उठतात, गालांवर लव वाढते. थांबवावं तर आग होते, चेहरा लालबुंद होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच दिलं. २०११ मध्ये छापलेल्या एका भारतीय बहुकेंद्री पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. पण मेडिकलच्या काउंटरवर ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटल्यावर पुढे सरकवली जाणारी ट्यूब अजूनही पुष्कळदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं त्रिकूट असते. या मिश्रणाचा मूळ नुस्खा अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ मध्ये वांगासाठी मांडला होता. डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजक्या आठवड्यांपुरता त्याला आजही जागा आहे. दोन वर्षं रोज पावडरीखाली लावायची ती वस्तू नव्हे. ट्यूबवरच्या नावांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे, एवढं तरी ग्राहकाला वाचता यायला हवं.

खरोखर चालणाऱ्या घटकांची कहाणीही याच क्लिगमन यांच्यापाशी सुरू होते, आणि ती स्वच्छ नाही. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाचं आम्लरूप. मुरमांवर त्याचा उपयोग होतो हे क्लिगमन यांनी १९६९ मध्ये दाखवलं आणि उन्हाने जून झालेल्या त्वचेवरही ते काम करतं हे १९८६ मध्ये मांडलं. याच माणसाने फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. त्यांच्या विद्यापीठाने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. सुरकुत्यांच्या क्रीमच्या जाहिरातीत अर्थातच हा तुरुंग दिसत नाही. पुढचे पुरावे मात्र इतरांनी, रीतसर चाचण्यांतून जमवले. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटाने १६ आठवडे ०.१ टक्का ट्रेटिनॉइन लावून सुरकुत्या कमी झाल्याचं दाखवलं, पण दहातल्या नवांपेक्षा अधिक जणांची कातडी लाल होऊन सोलवटली. मग १९९५ मध्ये ९९ जणांवर ४८ आठवडे चाललेल्या चाचणीत ०.१ टक्का आणि त्याच्या चौथाई ताकदीचं ०.०२५ टक्के यांची तुलना झाली. सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखी. त्रास मात्र सौम्य क्रीमला पुष्कळच कमी. या विषयावर एकच निष्कर्ष लक्षात ठेवायचा असेल तर मी हा ठेवीन. चौपट तीव्र औषध चौपट काम करत नाही, ते नुसतंच जास्त भाजतं.

आणि भाजण्याची किंमत आपल्याला जास्त मोजावी लागते. गोरी त्वचा चिडली तर लाल होते, चार दिवसांनी निवळते. आपली चिडली तर लाली गेल्यावर तिथे काळा डाग उरतो आणि तो महिनोन् महिने मुक्काम करतो. म्हणजे वांग घालवायला घाईने लावलेलं तीव्र क्रीम नवा डाग देऊन जातं. इथे एक आक्षेप रास्त आहे : हे सगळे प्रयोग गोऱ्यांवर झालेले, ते आपल्याला कसे लागू? बहुतेक प्रयोग तसेच आहेत, पण सगळे नाहीत. १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत ५४ कृष्णवर्णीयांपैकी काहींच्या काळ्या डागांवर ४० आठवडे ट्रेटिनॉइन आणि इतरांच्या डागांवर नुसतं साधं क्रीम वापरलं गेलं. ट्रेटिनॉइनने डाग फिके झाले, आणि ते लावणाऱ्यांपैकी निम्म्या जणांची त्वचा चिडलीही. औषध सावळ्या त्वचेवर चालतं. ते चालवायचा हात हलका हवा. म्हणून सुरुवात आठवड्यातून दोन रात्रींनी, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढ्या क्रीमने, चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा करून करायची. डोळ्यांच्या, नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांपासून दूर राहायचं. फार चुरचुरत असेल तर खाली किंवा वर साधं मॉइश्चरायझर लावायचं. महिनाभर कातडी शांत राहिली तर एक रात्र वाढवायची. तीन महिन्यांच्या आत निकाल विचारायचा नाही. गरोदरपणात, गर्भधारणेचा विचार सुरू असताना आणि अंगावर पाजणाऱ्या आईने हे काहीही लावायचं नाही. त्या काळात वांग वाढतो, म्हणूनच मोह जास्त होतो, आणि म्हणूनच हे ठासून सांगायला हवं.

ट्रेटिनॉइन आपल्याकडे चिठ्ठीचं औषध आहे. दुकानात मोकळं मिळतं ते रेटिनॉल, त्याचं सौम्य भावंड. त्वचेत गेल्यावर त्याचं थोडंथोडं रूपांतर होतं, म्हणून ते अधिक सोसवतं आणि अधिक सावकाश चालतं. २००७ मध्ये छापलेल्या एका चाचणीत सरासरी ८७ वर्षांच्या वृद्धांच्या दंडावर ०.४ टक्के रेटिनॉल २४ आठवडे लावलं, तर बारीक सुरकुत्या कमी झाल्या. ‘आता या वयात काय उपयोग’ म्हणणाऱ्या आजीला दाखवावा असा हा पुरावा आहे. पण इथेही आकड्यांची चढाओढ लागली आहे. एक टक्का, मग दीड, मग आणखी. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम करून चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्क्यांवर आणली. ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवर याच्या तिप्पट आकडा अभिमानाने छापलेला दिसतो, तेव्हा तो कौतुकाचा समजू नये.

ट्रेटिनॉइन काय, रेटिनॉल काय, ते आठवड्यातल्या काही रात्रींचं काम. रोजचं काम सनस्क्रीनचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या नॅम्बर या गावी १९९२ ते १९९६ अशी साडेचार वर्षं एक चाचणी चालली. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांपैकी काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, इतरांना वाटेल तेव्हा. हाताच्या पाठीच्या कातडीचे ठसे घेऊन मोजलं, तर रोज लावणाऱ्यांची त्वचा त्या काळात मोजण्याइतकी जून झालीच नव्हती. दुसऱ्या गटाशी तुलना करता जूनपणा २४ टक्क्यांनी कमी होता. आणि ते सनस्क्रीन आजच्यासारखं एसपीएफ ५०चं नव्हतं, १५ होतं. आता पुन्हा तोच आक्षेप, आणि या वेळी अधिक जोराचा : ते गोरे, आम्हाला देवाने मेलॅनिनची छत्री दिली आहे. दिली आहे, पण तिला भोकं आहेत. २०१०च्या एका प्रयोगात दिसलं की नुसत्या दृश्य प्रकाशाने, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडाने, सावळी त्वचा काळवंडते आणि गोरी काळवंडत नाही. पारदर्शक सनस्क्रीन हा उजेड अडवत नाही. किंचित मातकट रंगाचं, आयर्न ऑक्साइड घातलेलं ‘टिंटेड’ सनस्क्रीन तो अडवतं. वांग असलेल्या मराठी स्त्रीला सगळ्यात उपयोगी असलेली वस्तू बहुधा हीच, आणि जाहिरातीत ती सगळ्यात कमी दिसते.

काचेआडून ऊन लागत नाही हाही असाच गैरसमज. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापलं होतं. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या त्या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी वर्षांनी म्हातारा दिसतो. साध्या काचेतून यूव्हीए किरण आत येतात आणि तेच खोलवर जाऊन कोलॅजन मोडतात. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून माल भरून द्रुतगती मार्गाला लागणाऱ्या चालकांच्या बाबतीत हा गाल उजवा असेल, एवढाच फरक. आणि त्यांच्या खिडकीची काच तर बहुतेक वेळ खालीच असते. उलट दुचाकीवर तोंडाला घट्ट स्कार्फ गुंडाळून टपाल नाक्यावरून जाणाऱ्या मुलींची थट्टा होते, पण त्या जे करतात ते कुठल्याही सीरमपेक्षा जास्त पुराव्याचं आहे. दाट विणीचं कापड पुसलं जात नाही, घामाने वाहत नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही.

सनस्क्रीन महाग पडतं, ही तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर देताना आकडा लपवू नये. बाटलीवरचा एसपीएफ प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. त्या हिशेबाने चेहरा आणि मान मिळून सुमारे एक-सव्वा ग्रॅम लागतं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर भरून ओढलेल्या दोन रेघा. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी चाळीस-पन्नास दिवसांत संपली पाहिजे. आपल्या घरी ती सहा महिने पुरत असेल, तर एसपीएफ ५०चे पैसे देऊन आपण त्यातला थोडासाच भाग वापरतो आहोत. मग महागड्या सीरमचे पैसे वाचवून ते इथे घालावेत. ज्यांना तेही परवडत नाहीत त्यांनी छत्री आणि ओढणी वापरावी, त्यात कमीपणा नाही. ड जीवनसत्त्वाची शंका बरेच जण काढतात. ऑस्ट्रेलियातच १९९५ मध्ये छापलेल्या चाचणीत, एका उन्हाळ्यात सनस्क्रीन लावणारे आणि नुसतं साधं क्रीम लावणारे अशा दोन्ही गटांत ते सारखंच वाढलं होतं. भारतीयांत या जीवनसत्त्वाची कमतरता पसरलेली आहे खरी, पण ती सनस्क्रीनच्या आधीपासूनची आहे. हातापायांना ऊन द्यावं, रक्त तपासून गोळी घ्यावी. चेहरा त्यासाठी गहाण टाकायचं कारण नाही.

बाकीच्या घटकांवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. नायसिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्व गुणी आहे. पाच टक्क्यांचं बारा आठवडे लावल्यावर डाग आणि बारीक रेषा कमी झाल्याचे पुरावे आहेत, त्रास क्वचित, आणि बाटलीवर दहा टक्के लिहिल्याने ते दुप्पट गुणी होत नाही. क जीवनसत्त्व शुद्ध रूपात फार लहरी : ते त्वचेत शिरायला पीएच साडेतीनच्या खाली लागतो, वीस टक्क्यांपुढे फायदा वाढत नाही, आणि हवा, उजेड, उष्णता लागली की त्याचा रंग चहासारखा होतो. कोकणच्या दमट उकाड्यात न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेली ती बाटली महिन्याभरात निकामी होऊ शकते. तपकिरी झाली की टाकावी, पैसे आठवत बसू नये. ग्लायकॉलिकसारखी फळांची आम्लं वरचा थर सोलतात आणि त्या काळात उन्हाचा मारा वाढवतात, त्यामुळे रेटिनॉल आणि आम्ल एकाच रात्री लावणं म्हणजे स्वतःच काळा डाग मागवणं. हायलुरॉनिक आम्लाने मात्र खरंच दहा मिनिटांत चेहरा भरल्यासारखा दिसतो. मग माझ्या ‘आठ दिवसांच्या’ नियमाचं काय? नियम मोडत नाही : तो फरक पाण्याने फुगलेल्या वरच्या थराचा असतो आणि रात्री तोंड धुतल्यावर उतरतो. तत्काळ ओलावा देणं प्रामाणिकपणे शक्य आहे. तत्काळ, आणि धुतल्यावरही टिकणारा उजळपणा देणं नाही.

राहिला तो सगळ्यात मोठा बचाव : आमचं क्रीम हर्बल आहे. हा शब्द पनवेलमध्ये जरा जपून वापरायला हवा, कारण या गावाला आयुर्वेदाच्या कारखानदारीचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये इथे धूतपापेश्वरची स्थापना केली. आयुर्वेदात वय रोखण्याचा विचारही जुना आहे. चरकसंहितेत ‘वयःस्थापन’ नावाचा दहा वनस्पतींचा गणच आहे आणि त्यातली मंडूकपर्णी आज कोरियन बाटल्यांतून ‘सिका’ होऊन आपल्याच बाजारात परत आली आहे. पण शास्त्र आणि हर्बल नावाची अनामिक डबी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा आहेच. त्याचं शोधन आहे, मात्रा आहे, परवाना असलेला उत्पादक आणि नाव लिहिलेली बाटली आहे. पार्लरच्या डबीत यातलं काहीच नसतं.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रम बावचीकडे पाहिलं की उतरतो. बावचीच्या बियांतून बाकुचिऑल हा पदार्थ १९६६ मध्ये वेगळा काढला तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. अर्धशतकानंतर, २०१९ मध्ये, ४४ जणांवरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत दिवसातून दोनदा लावलेलं ०.५ टक्के बाकुचिऑल ०.५ टक्के रेटिनॉलच्या तोडीस तोड उतरलं, आणि कातडी कमी सोलली. चाचणी लहान आहे, पण आशादायक आहे. हे वाचून कोणी काष्ठौषधींच्या दुकानातून बावचीची पूड आणून लेप लावेल, तर मात्र पंचाईत! त्याच बियांत सोरालेन असतात, जे उन्हाशी गाठ पडली की कातडी भाजतात. कोडावरच्या उपचारात बावचीचा उपयोग होतो तो याच गुणामुळे, रंग आणण्यासाठी. वांगावर रंग आणणारं औषध चोळून दुपारी बाहेर पडणं यापेक्षा उलटा उपाय सापडायचा नाही. तोंडाला लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांचंही थोड्याफार फरकाने हेच होतं.

कायदा कागदावर कडक आहे. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर कुठल्याही क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. भारताने २०१८ मध्ये मान्य केलेल्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी, पारा मुद्दाम घातलेली प्रसाधनं २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायचं ठरवलं. पण निरीक्षक प्रत्येक पार्लरच्या कपाटात डोकावू शकत नाही, आणि सगळा दोष पार्लरवालीवर ढकलणंही बरोबर नाही. ती बहुतेकदा तीच डबी स्वतःच्या गालांनाही लावत असते. म्हणून वाचायची सवय ग्राहकालाच लावून घ्यावी लागेल. उत्पादकाचं नाव आणि पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, घटकांची यादी. परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक. यांतलं काही नसेल, किंवा क्रीम मोठ्या डब्यातून काढून छोट्या डबीत भरून मिळालं असेल, तर ते कितीही ‘सगळ्यांना लागू पडलेलं’ असो, घेऊ नये. वांग वाढत असेल तर कामोठ्याच्या एमजीएमसारख्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचाविभाग आहे, तिथे जाऊन आधी नेमकं काय झालं आहे ते विचारावं.

आणि अशी डबी आधीच घरात असेल तर? लावणं लगेच थांबवावं. मात्र त्यात स्टेरॉइड असू शकतं आणि सोडल्यावर चेहरा भडकू शकतो, म्हणून थांबवतानाच त्वचारोगतज्ज्ञाला गाठावं. पायांवर सूज किंवा लघवीला फेस असेल तर लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं, घरातल्या ज्यांनी ज्यांनी ते लावलं त्या सगळ्यांचं. टॉवेल आणि उशीचे अभ्रे बदलावेत. डबी मोरीत धुऊ नये, ओल्या कचऱ्यात टाकू नये. झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ती डॉक्टरांकडे घेऊन जावी. अकोल्याच्या तिघींना काय झालं होतं, ते केईएमच्या डॉक्टरांना अशाच एका डबीने सांगितलं.